ह्यूस्टनला टॅक्स नाही म्हणून स्वस्त? जरा थांबा

"टेक्ससमध्ये टॅक्सच नाही, ह्यूस्टनला गेलात की पगार पूर्ण हातात" हे आपल्या लोकांत कित्येक वर्षं फिरतंय आणि ते चुकीचं आहे. राज्याचा इन्कम टॅक्स नाही, इतकंच खरं. फेडरल म्हणजे केंद्र सरकारचा टॅक्स, सोशल सिक्युरिटीचे (सरकारी पेन्शन) ६.२ आणि मेडिकेअरचे (म्हातारपणीचा सरकारी आरोग्य विमा) १.४५ टक्के पगारातून कापले जातातच. खरी मेख आहे प्रॉपर्टी टॅक्समध्ये, काउंटी, शाळा, शहर सगळं मिळून घराच्या किमतीच्या साधारण २ टक्के धरा, म्हणजे ४ लाख डॉलरचं घर असेल तर वर्षाला ८ हजारांच्या आसपास, स्वतः राहत असाल तर होमस्टेडची (राहत्या घराची) सूट मिळून थोडा कमी होतो पण त्याचा अर्ज भरावा लागतो, प्लीज विसरू नका. कर्ज फिटलं तरी हा टॅक्स चालूच राहतो. भाड्याने राहणारेही सुटत नाहीत, घरमालक तो भाड्यात धरतोच. किराण्यावर सेल्स टॅक्स नाही, बाकी बऱ्याच वस्तूंवर ८.२५ टक्के. आणि पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो, नेहमीच्या घरविम्यात पूर येत नाही, २०१७ च्या हार्वे वादळात कित्येकांना हे घरात पाणी शिरल्यावर कळलं. कॅलिफोर्नियापेक्षा घरं स्वस्त आहेत हे मान्यच, पण बँक हप्ता सांगेल तेव्हा त्यात टॅक्स आणि विमा धरलाय का ते आधी विचारा.