मीटिंग त्याची की तुमची? ए.ए. आणि अल-अनॉनमधला फरक

"आमच्या ह्यांच्यासाठी जवळपास कुठे मीटिंग भरते का हो?" हा प्रश्न बऱ्याचदा पिणारा विचारतच नाही. विचारते ती बायको, नाहीतर आई; तीही तो झोपलेला असताना, दबक्या आवाजात. कुणीतरी दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ए.ए. ग्रुपचा पत्ता देतं, ती धावतपळत पोचते आणि दारातच कळतं की आजची मीटिंग 'बंद' आहे. बंद म्हणजे रद्द नव्हे. आत माणसं बसलेली दिसतात, पण त्या दिवशी तिथे फक्त दारू सोडायची इच्छा असलेल्यांनाच बसता येतं. घरच्यांना, पाहुण्यांना चालतात त्या 'खुल्या' मीटिंगा.

खरं तर तिची खोली वेगळीच असते. नावं इतकी जवळची की गल्लत व्हायचीच: ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, ही पिणाऱ्यांची; आणि अल-अनॉन, ही पिणाऱ्याच्या घरच्यांची. अल-अनॉनला ए.ए.चं महिला मंडळ समजू नका. ती स्वतंत्र संघटना आहे, आणि तिथे पिणाऱ्या मुलाचा बाप किंवा पिणाऱ्या बाईचा नवराही तेवढ्याच हक्काने बसतो.

ए.ए. सुरू झाली १९३५ साली, अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात. बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन दारुड्यांच्या भेटीतून. बिलची बायको लोइस वर्षानुवर्षं ज्याची वाट पाहत होती ते अखेर घडलं होतं, नवऱ्याची दारू सुटली होती. आणि एके दिवशी "चल, मीटिंगला उशीर होतोय" एवढंच तो म्हणाला, तर तिने त्याला बूट फेकून मारला. आपण एवढ्या का भडकलो, हे तिचं तिलाच कळेना. दारू गेली होती, पण त्या दारूभोवती बांधलेला संसार आणि साचलेला राग तसाच होता. नवरे मीटिंगला बसले की बायका बाहेर ताटकळत, आपसात बोलत. त्यातूनच पुढे घरच्यांचे गट जमले आणि १९५१ मध्ये लोइसने अ‍ॅन नावाच्या मैत्रिणीसोबत अल-अनॉन उभी केली.

ए.ए.च्या बारा पायऱ्या, म्हणजे सावरण्याचा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम, अल-अनॉनने जवळजवळ जशाच्या तशा घेतल्या. शेवटच्या पायरीतला 'मद्यपी' शब्द काढून 'इतर' घातला, बस्स. म्हणजे पहिली पायरी दोन्हीकडे एकच: दारूपुढे आम्ही हतबल आहोत. पिणारा हे म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ, एक पेग पोटात गेला की पुढचा माझ्या हातात राहत नाही. बायको तेच वाक्य म्हणते तेव्हा तिच्यामागे वेगळीच यादी असते. बाटल्या मोरीत ओतल्या, पगार काढून घेतला, मुलांच्या शपथा घातल्या, पंढरपूरला नेऊन गळ्यात माळ घातली, साहेबांना फोन करून "त्यांना ताप आहे" म्हणून सांगितलं. आणि तरी तो प्यायलाच.

म्हणून आतलं बोलणंही वेगळं. ए.ए.त माणूस स्वतःचं नाव सांगून आपण अल्कोहोलिक असल्याचं म्हणतो, मग शेअरिंग होतं, मध्ये कुणी तोंड घालत नाही, 'फक्त आजचा दिवस' एवढीच बोली. अल-अनॉनमध्ये मात्र 'त्याची दारू कशी सोडवू?' याला उत्तर मिळत नाही, आणि पहिल्या दिवशी याचा राग येऊ शकतो. तिथे सांगतात ते असं: ही दारू तुम्ही लावलेली नाही, ती तुमच्या ताब्यात नाही, आणि ती बरी करणंही तुमच्या हातात नाही. 'तूच सांभाळून घ्यायला हवं होतंस' असं सासरमाहेर दोन्हीकडून ऐकलेल्या बाईला यातलं पहिलंच वाक्य पुरतं. मात्र अलिप्त राहा हा तिथला सल्ला दहा बाय दहाच्या खोलीत अवघडच. आणि घरात मारहाण होत असेल तर आधी १८१ ही महिला हेल्पलाइन, मीटिंग मागाहून.

शोधताना फोनवर तीन गोष्टी विचारून घ्या: मीटिंग खुली की बंद, भाषा कोणती, आणि आज नक्की भरणार का. मुंबईसारख्या शहरात शाळेचा वर्ग किंवा चर्चचा हॉल संध्याकाळपुरता वापरतात. बाहेर मोठी पाटी असेलच असं नाही, वॉचमनला विचारावं. अल-अनॉनचे गट ए.ए.पेक्षा कमी, त्यामुळे ए.ए.च्या लोकांनाच विचारलेलं बरं. गावात गट नसेल तर ऑनलाइन मीटिंगा आहेत. पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रातही 'सहचरी' नावाने बायकांचा गट चालतो. तो अल-अनॉन नव्हे, पण दुःख तेच.

फी दोन्हीकडे नाही, स्वखुशीची वर्गणी तेवढी गोळा होते. 'भरती करा, महिन्याचे इतके' असं कुणी म्हणालं तर ते व्यसनमुक्ती केंद्र. ती तिसरीच गोष्ट. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केलं तर फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, म्हणून त्याला आधी डॉक्टरकडे न्या. कुणाकडे न्यावं हे कळत नसेल तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे.

ए.ए.साठी त्याची इच्छा लागते. अल-अनॉनसाठी त्याचं काहीच लागत नाही, परवानगीसुद्धा. घरी काय सांगून निघायचं ते तुमचं तुम्ही बघा. भाजीला जाते म्हणालात तरी चालेल, मीटिंग साधारण तास-दीड तासाची असते आणि येताना भाजीही होते.