केळीचा धागा घातलेले हलके ब्लॉक: घ्यायच्या आधी एवढं वाचा

"ब्लॉकमध्ये केळीचा धागा घालता, तो सडणार नाही का?" हा प्रश्न आम्हाला रोज कुणी ना कुणी विचारतं. विचारायलाच हवा. घर एकदा बांधलं की भिंतीत काय घातलंय ते उघडून पाहता येत नाही.

हलक्या ब्लॉकचा माल म्हणजे सिमेंट, वीज केंद्रातली कोळशाची राख, बारीक वाळू, पाणी आणि त्यात मिसळलेला फेस. साधं काँक्रीट घनमीटरला सुमारे 2400 किलो भरतं, आमचा माल 1000 किलोच्या आसपास. 400 × 200 × 150 मिलिमीटरचा एक ब्लॉक 12 किलोचा होतो. तोच साध्या काँक्रीटचा केला तर 29 किलो. गवंड्याचे हात वाचतात, पायावरचा बोजा कमी होतो. शिवाय फेसातली हवा ऊन आत यायला वेळ लावते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीला हात लावून हा फरक कळतो.

पण हलका माल ठिसूळ असतो. सुकताना आक्रसतो आणि केसासारखे बारीक तडे देतो. धागा घालतो तो यासाठी. तडा जिथे सुरू होतो तिथे आडवे आलेले धागे दोन्ही कडा धरून ठेवतात, तडा रुंदावू देत नाहीत. कारखान्यात आलात तर आमचा एक ब्लॉक मागा आणि स्वतः हातोडा मारा. बिनधाग्याच्या ब्लॉकचे दोन तुकडे होऊन जमिनीवर पडतात. धाग्याचा ब्लॉक तडकतो, पण तुकडे एकमेकांना लोंबकळत राहतात. फटीत पांढुरके धागे ताणलेले दिसतात.

आता धागा काय करत नाही तेही सांगतो. दाब सोसण्याची ताकद त्यानं वाढत नाही. घनमीटरला आम्ही 5 किलोच्या आसपास धागा घालतो, बोटाच्या पेरापेक्षा थोडा लांब कापून. त्याहून जास्त घातला की मिक्सरमध्ये गोळे होतात, आत पोकळ्या राहतात आणि ब्लॉक उलट कमजोर होतो. "धागा जास्त, ब्लॉक पक्का" असं कुणी म्हणालं तर भुलू नका. हे ब्लॉक कॉलमच्या सांगाड्यातल्या भिंतींसाठी आणि पार्टिशनसाठी आहेत. कॉलम, बीम, स्लॅबमध्ये सळईला धागा हा पर्याय नाही.

सडण्याचं काय?

आपल्याकडची धाब्याची घरं आठवा. भिंतीच्या चिखलात भुसा तुडवायचे, तो भिंत तडकू नये म्हणूनच. अजिंठ्याच्या चित्रांखालच्या मातीच्या गिलाव्यातही भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू सापडतात. सिमेंटची गोष्ट मात्र वेगळी. ते मातीपेक्षा कितीतरी जास्त क्षारयुक्त असतं. हा क्षार ओलाव्यात धाग्याला हळूहळू खातो, आणि सिमेंटमधला चुना धाग्याच्या आत जमून त्याला कडक, ठिसूळ करतो. म्हणून खोडातून काढलेला धागा आधी स्वच्छ धुतो, कॉस्टिक सोड्याच्या पातळ पाण्यात भिजवतो, पुन्हा धुतो आणि वाळवतो. यानं चिकट रस निघून जातो आणि धागा सिमेंटला नीट धरतो. दुसरं म्हणजे सिमेंटचा काही भाग कमी करून भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्राची राख वापरतो. ही राख मोकळ्या चुन्याशी संयोग पावून त्याचा घट्ट पदार्थ बनवते, म्हणजे धाग्याला खाणारा चुनाच कमी उरतो. आमच्या मते या सगळ्या मालात राख हा सर्वात मोलाचा घटक आहे.

राखेमुळे ताकद मात्र सावकाश येते. म्हणून 28 दिवस पुरे झाल्याशिवाय आम्ही गाडी भरत नाही, तुम्ही कितीही घाई केली तरी.

शेतकरी विचारतात, पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, का नाही घेत? तिच्यात साखर आणि इतर द्रव्यं असतात, ती सिमेंटला आवळू देत नाहीत. चुन्याच्या पाण्यात मुरवून धुतली तर तिचा चुरा हलक्या पार्टिशनला चालतो, पण लांब चिवट धागा तिच्यात कमी. केळीचं तसं नाही. घड उतरला की रावेर-यावलच्या बागांत खोडांचे ढीग बांधावर पडतात, ते हटवायला शेतकऱ्याला उलट मजुरी मोजावी लागते. खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, म्हणून धागा बागेजवळच काढलेला परवडतो. बाग मोडणार असाल तर आधी कळवा.

गवंड्याला हे वाचून दाखवा

जोत्याखाली हे ब्लॉक लावू नका. सतत ओलं-कोरडं होणं धाग्याला सर्वात वाईट, म्हणून बाहेरून प्लास्टर हवंच आणि न्हाणीघराच्या भिंतीला वॉटरप्रूफिंग. रचण्याआधी ब्लॉकवर पाणी शिंपडा, हौदात बुडवू नका. कॉलम आणि भिंतीच्या सांध्यावर प्लास्टरआधी जाळी ठोका, बहुतेक तडे तिथेच येतात. वायरिंगची झिरी कटरनं मारा. छन्नीनं टोलवलं तर कडा उडतात आणि धागे बाहेर लोंबतात. असे धागे ओढून काढू नका, कापून वरून मसाला भरा. जड कपाट किंवा गिझर टांगायचा असेल तर आरपार बोल्ट घ्या, खिळ्यावर भरवसा ठेवू नका.

गाडी आली की ब्लॉक फळ्यांवर उतरवा आणि ताडपत्री झाका. प्रत्येक थराच्या एका ब्लॉकवर माल साच्यात भरल्याची तारीख लिहिलेली असते, ती पाहूनच माल ताब्यात घ्या.