परतीच्या पावसाचं पिंप

पहिली सर आली की गच्चीत पिंप लावायची घाई होते. जून-जुलैत मात्र उघड्यावरच्या कुंड्यांना वेगळं पाणी घालावंच लागत नाही. पिंप कामाला येतं ते परतीच्या पावसानंतर, ऑक्टोबरच्या उन्हात.

१ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. १० चौरस मीटरच्या पत्र्यावर २० मिलिमीटर पडला, तर उडून-सांडून १७०-१८० लिटर हाती लागतं. २०० लिटरच्या पिंपाची तोटी तळापासून १० सेंटिमीटर वर बसवावी. खालचे २५ लिटर गाळासाठी सोडायचे. उरलेल्या १७५ लिटरमधून २० कुंड्यांना रोज अर्धा लिटर घातलं, तर १७ दिवस निघतात. उन्हाळ्यापर्यंत पुरवण्याची आशा सोडलेली बरी.

पत्र्यावरची धूळ आणि कबुतरांची घाण पहिल्या पाण्याबरोबर येते, म्हणून चौरस मीटरमागे १ लिटर आधी वगळावं. ४ इंची पाइपच्या एका मीटरमध्ये साधारण ८ लिटर मावतं. पन्हळीच्या पाइपला ‘टी’ (तीन तोंडांचा सांधा) जोडून सव्वा मीटरचा तुकडा खाली सोडला, की आधी तो भरतो आणि मगच पाणी पिंपाकडे वळतं. त्याच्या तळाला आट्यांचं झाकण लावून बारीक भोक पाडावं, म्हणजे पाऊस थांबल्यावर तो आपोआप रिकामा होतो. हे भोक गाळाने हमखास बुजतं. मग तुकडा भरलेलाच राहतो आणि पुढची घाण थेट पिंपात जाते. आठवड्याला झाकण उघडून धुवावं.

पिंप निळं, अपारदर्शक घ्यावं, आत उजेड शिरला की शेवाळ धरतं. पूर्वी त्यात रसायन होतं का, हे विचारून घ्यावं. भरल्यावर वजन २०० किलोच्या वर जातं, तेव्हा सज्जाच्या टोकाला ते ठेवू नये.

डेंग्यूचा एडिस डास पाण्याच्या रेषेलगत, आतल्या भिंतीला अंडी चिकटवतो. ती सुकूनही कित्येक महिने तगतात, त्यामुळे पिंप नुसतं उपडं करून भागत नाही, ब्रशने घासावं लागतं. तोंडावर जाळी ताणून बांधावी. जास्तीचं पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपलाही जाळी हवी, नेमकी तीच राहून जाते.

बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी कुंडीला पांढरा थर चढतो, मातीचा सामू (पीएच) वाढतो आणि मुळांना लोह घेता येत नाही. अनंताची पानं मग पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पावसाच्या पाण्यात हे क्षार जवळजवळ नसतात. म्हणून पिंपातलं पाणी आधी अनंताला द्यावं. मनीप्लँट बोअरच्या पाण्यावरही खुशाल वाढतो.