खाली कुणीतरी थांबलंय

सकाळी सव्वासहाला वसतिगृहातल्या एका खोलीत फोन थरथरतो. ‘खाली आलेय. बूट घाल.’ रात्री दोनपर्यंत जागलेली मुलगी पांघरुणातूनच बहाणे जुळवायला लागते. पोट दुखतंय, पाऊस येईलसं वाटतंय, उद्यापासून नक्की. पण टाइप करता करता तिच्या मनात येतं, ती बिचारी खरंच जिन्यापाशी ताटकळत उभी असणार. मग कुरकुरत का होईना, मोजे शोधले जातात. मला विचाराल तर सोबतीने व्यायाम करून मन सावरण्याचं सगळं मर्म त्या मोज्यांच्या शोधाशोधीत आहे.

व्यायामाने मन सावरतं, हे आता नवीन राहिलेलं नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेन्थाल यांच्या गटाने १९९९ साली नैराश्याच्या १५६ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. सोळा आठवड्यांनंतर व्यायाम करणारे आणि सर्ट्रालिन हे औषध घेणारे जवळपास सारखेच सुधारले होते. अडचण आहे ती वेगळीच. नैराश्य सगळ्यात आधी माणसाची उमेद काढून घेतं, आणि आपण त्यालाच सांगतो, ‘जरा उमेदीने पळून ये, बरं वाटेल.’ खिसा रिकामा असलेल्याकडे उसने मागावेत, तसं हे झालं.

मानसोपचारात यावर एक तोडगा आहे, वर्तन-सक्रियीकरण नावाचा. मन लागण्याची वाट पाहत बसायचं नाही. ठरलेली छोटी कृती आधी करायची, मन मागून येतं. पण ती पहिली कृती करवून घेणार कोण? तिथे जिन्याखालची मैत्रीण कामाला येते. विद्यार्थ्यांचं वयही नेमकं धोक्याचं असतं. २००५ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत दिसलं, की आयुष्यात कधी ना कधी होणाऱ्या मानसिक विकारांपैकी तीन चतुर्थांश वयाच्या चोविशीपर्यंत सुरू झालेले असतात. म्हणजे विद्यापीठाची वर्षं ऐन या पट्ट्यात येतात.

सोबतीने माणूस जास्त जोर लावतो, हे फार जुनं निरीक्षण आहे. सायकलस्वार एकट्यापेक्षा इतरांबरोबर वेगाने जातात, हे नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १८९८ सालीच नोंदवलं होतं. १९२०च्या दशकात ओटो क्योलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बर्लिनच्या वल्हवणाऱ्यांना वजनं उचलायला लावली, एकेकट्याने आणि मग जोडीने. जोडीतला दुबळा गडी एकट्याने टिकला असता त्याहून जास्त वेळ टिकला, कारण तो थांबला की दोघांचंही काम थांबणार होतं. यातली गंमत पुढे आहे. दोघांच्या ताकदीतला फरक मध्यम असेल तेव्हा हा परिणाम सर्वांत ठळक दिसला. फार मोठी तफावत असली की दुबळा मनातून हरतो. अगदी बरोबरी असली की ओढही उरत नाही. म्हणून खचलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या संघातला तगडा धावपटू सोबती म्हणून देणं मला फारसं शहाणपणाचं वाटत नाही.

शरीरात तेव्हा काय घडतं? ऑक्सफर्डच्या वल्हवणाऱ्या खेळाडूंवर एक छोटा, पण चतुर प्रयोग झाला. २०१० च्या सुमारास तो प्रसिद्ध झाला. तीच माणसं व्यायामाच्या यंत्रावर कधी एकटी, कधी एका तालात वल्हवत होती. मग रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला आवळून वेदना कधी जाणवते ते पाहिलं. मेहनत तेवढीच, पण एकत्र वल्हवल्यावर वेदना सोसण्याची मर्यादा अधिक वाढलेली. संशोधकांनी श्रेय एंडोर्फिनला, म्हणजे शरीरातच तयार होणाऱ्या वेदनाशामक रसायनांना दिलं. तिथे मी थोडा हात राखून बोलेन. २०२१ साली जर्मनीतल्या एका प्रयोगात एंडोर्फिनचा मार्ग औषधाने अडवूनही धावणाऱ्यांना धावण्यातून येणारा आनंद मिळालाच. शरीरातच तयार होणारी, गांजासारखी क्रिया करणारी रसायनं त्यामागे असावीत, असा आता अनेकांचा अंदाज आहे.

विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासांपैकी एक नेहमी पुढे केला जातो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अमेरिकी पाहणीत ६९ वैद्यकीय विद्यार्थी होते, मुदत बारा आठवडे. गटाने व्यायाम करणाऱ्यांचा ताण सुमारे २६ टक्क्यांनी उतरला. एकेकटे व्यायाम करणाऱ्यांनी जवळपास दुप्पट वेळ घाम गाळूनही त्यांच्या ताणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आकडा झकास आहे, पण कोणत्या गटात जायचं हे विद्यार्थ्यांनीच निवडलं होतं. ज्याला माणसांत रमायला आवडतं तोच गटात जाणार, नाही का?

ब्लुमेन्थाल यांच्या २००७ सालच्या प्रयोगात मात्र गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले होते. चाळिशी ओलांडलेले २०२ रुग्ण, चार महिने. देखरेखीखाली एकत्र व्यायाम करणाऱ्यांतले ४५ टक्के नैराश्यातून बाहेर आले, घरी एकट्याने करणाऱ्यांतले ४० टक्के, औषधवाले ४७ टक्के आणि नुसती साखरेची गोळी घेणारे ३१ टक्के. म्हणजे गट आणि घर यांत अंतर पाचच टक्क्यांचं. माझं मत असं, की सोबत हे काही वेगळं औषध नव्हे. औषधाचा डोस चुकू न देणारी ती व्यवस्था आहे.

शिवाय सोबतीचा संसर्ग चांगल्या-वाईट दोन्ही दिशांनी होतो. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीत विद्यार्थ्यांच्या तुकड्या यदृच्छेने पाडतात. २०११ च्या एका अभ्यासात तिथे आढळलं, की तुकडीतल्या सोबत्यांची तंदुरुस्ती कमी असेल तर इतरांचीही घसरते, आणि सर्वांत अशक्त मित्रांचा प्रभाव सर्वांत जास्त.

मग जिन्याखाली उभं राहणारीने करायचं तरी काय? थोडंच. चाल इतकी ठेवायची, की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. मध्यम व्यायामाची ही घरगुती मोजपट्टी. चालताना दोघी समोर पाहत असतात, त्यामुळे टेबलासमोर न निघणारी गोष्ट तिसऱ्या वळणावर आपसूक निघते. ती ऐकायची, सल्ल्यांचा मारा करायचा नाही. परीक्षेच्या आठवड्यात पाऊण तासाची पंधरा मिनिटं करायची, पण वेळ मोडायची नाही. एखादा दिवस ती आली नाही तर ‘कुठे मेलीस?’ न लिहिता ‘उद्या इथेच, सव्वासहाला’ एवढंच लिहायचं. पण जगण्याचाच कंटाळा आल्याची भाषा ऐकू आली, तर त्याच दिवशी तिला घेऊन समुपदेशकाच्या दारापर्यंत जायचं, आणि ती आत जाईपर्यंत बाहेर थांबायचं.