लशीतल्या अ‍ॅल्युमिनियमचं पुढे काय होतं?

जुलै २०२५ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १९९७ ते २०१८ या काळात जन्मलेल्या १२ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. वयाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत प्रत्येक मुलाला लशींमधून किती अ‍ॅल्युमिनियम मिळालं आणि पुढे दमा, अ‍ॅलर्जी, स्वमग्नता, एडीएचडी (अवधान टिकत नाही आणि अतिचंचलता येते ती अवस्था) अशा ५० आजारांपैकी काही झालं का, हे पडताळलं. अ‍ॅल्युमिनियम जास्त मिळालं म्हणून आजार वाढले, असं दिसलं नाही. अमेरिकेचे आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनिअर यांनी हा शोधनिबंध मागे घ्या अशी मागणी केली. नियतकालिकाने ती फेटाळली.

या अभ्यासाला मर्यादा आहे. अ‍ॅल्युमिनियम अजिबात न मिळालेली मुलं त्यात फार थोडी होती, त्यामुळे तुलना मुख्यतः कमी मिळालेल्या आणि जास्त मिळालेल्या मुलांमधली आहे. तरी एवढ्या मोठ्या संख्येत मोठा धोका लपून राहणं अवघड. पण आकडेवारीचा वाद इथेच ठेवू. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो रसायनशास्त्राचा भाग, कारण ‘लशीत धातू आहे’ हे वाक्य फॉरवर्ड करणारे आणि त्यांना उत्तर देणारे, दोघेही तो वगळतात.

हा धातू लशीत आला तुरटीतून. १९२६ मध्ये ब्रिटिश संशोधक अलेक्झांडर ग्लेनी यांनी घटसर्पाचं निर्विष केलेलं विष, म्हणजे टॉक्सॉइड, तुरटी घालून साक्यासारखं खाली बसवलं आणि गिनीपिगना टोचलं. नुसत्या टॉक्सॉइडपेक्षा प्रतिकार कितीतरी चांगला आला. तेव्हापासून अ‍ॅल्युमिनियमचे क्षार हे लशीतलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं सहायक द्रव्य, म्हणजे अ‍ॅडज्युव्हंट, आहे. आपल्याकडे बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना मिळणाऱ्या पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्रित लशीत ते असतं, कोव्हॅक्सिनमध्येही होतं. गोवर, बीसीजी, तोंडावाटे दिला जाणारा पोलिओचा डोस या जिवंत लशींमध्ये ते नसतं. तिथे दुबळा केलेला जंतू स्वतःच प्रतिकारसंस्थेला जागं करतो.

लशीत अ‍ॅल्युमिनियमची भुकटी नसते. हायड्रॉक्साइड किंवा फॉस्फेट या क्षाराचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. शरीराच्या ७.४ पीएचला हायड्रॉक्साइडच्या कणावर धन प्रभार असतो, फॉस्फेटच्या कणावर ऋण. म्हणून लशीतलं प्रथिन कोणत्या प्रभाराचं आहे ते बघून क्षार निवडावा लागतो. प्रभाराच्या ओढीपेक्षाही घट्ट असा दुसरा बंध आहे. प्रथिनावर फॉस्फेट गट असेल, तर तो कणाच्या पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिल गटाला हटवून थेट अ‍ॅल्युमिनियमशी जोडला जातो. हिपॅटायटिस बी च्या लशीत हेच घडतं. तिथल्या प्रतिजनाबरोबर, म्हणजे प्रतिकारसंस्था ओळखते त्या प्रथिनाबरोबर, फॉस्फेट गट असलेले मेदाचे रेणू, फॉस्फोलिपिड, असतात आणि ते हायड्रॉक्साइडला इतके चिकटतात की सहज सुटत नाहीत.

आता सुई टोचली. कण स्नायूत उतरले. त्यातले बरेचसे महाभक्षी पेशी गिळतात. बाकीच्यांना ऊतींमधल्या द्रवात सायट्रेट, म्हणजे सायट्रिक आम्लाचं रूप, भेटतं. अ‍ॅल्युमिनियमचा आयन आकाराने लहान, त्याच्यावर तीन धन प्रभार, आणि ऑक्सिजनची त्याला विलक्षण ओढ. नुसत्या आम्लयुक्त पाण्यात तो सहा पाण्याच्या रेणूंनी वेढलेला असतो. सायट्रेटकडे तीन कार्बोक्सिल गट आणि एक हायड्रॉक्सिल आहे. खेकड्याने नांगीत पकडावं तसं ते कणाच्या पृष्ठभागावरचा अ‍ॅल्युमिनियम अणू एकेक करून धरतं आणि विद्राव्य संकुल बनवून बाहेर काढतं. फॉस्फेट क्षाराची रचना अस्फटिकी, विस्कळीत. म्हणून तो लवकर विरघळतो. हायड्रॉक्साइड स्फटिकासारखा, म्हणून सावकाश. १९९७ मध्ये सशांवर हे मोजलं गेलं. अ‍ॅल्युमिनियमचा किरणोत्सारी समस्थानिक वापरून दिसलं की २८ दिवसांत फॉस्फेटमधला ५१ टक्के आणि हायड्रॉक्साइडमधला १७ टक्के धातू रक्तात उतरला. ससे मोजकेच होते, पण क्रम रसायनशास्त्राने सांगितला तसाच निघाला.

रक्तात पोचल्यावर बहुतांश अ‍ॅल्युमिनियम ट्रान्सफेरिन पकडतं. हे लोह वाहून नेणारं प्रथिन. त्याच्या लोहाच्या जागांपैकी साधारण एक तृतीयांशच भरलेल्या असतात, आणि तीन धन प्रभारांच्या लोहाशी साम्य असल्याने अ‍ॅल्युमिनियम रिकाम्या जागेत बसतं. ट्रान्सफेरिन मोठं, ते मूत्रपिंडाच्या गाळणीतून जात नाही. सायट्रेटचं संकुल लहान, ते जातं. दोन्ही रूपांमध्ये समतोल असतो. लघवीवाटे सायट्रेटचं रूप निघून गेलं की ट्रान्सफेरिनकडून थोडं सुटतं, पुन्हा गाळलं जातं. एका स्वयंसेवकाच्या शिरेत अ‍ॅल्युमिनियम सायट्रेट सोडून पाहिलं, तेव्हा १३ दिवसांत ८० टक्क्यांहून अधिक धातू लघवीतून बाहेर पडला. उरलेल्याचा मोठा वाटा हाडांत जातो आणि तिथून वर्षानुवर्षं हळूहळू कमी होतो.

म्हणजे सगळा भार मूत्रपिंडावर. १९७० च्या दशकात डायलिसिसच्या पाण्यातल्या अ‍ॅल्युमिनियममुळे रुग्णांची वाचा जाऊ लागली, स्मृती ढासळली, हाडं मोडू लागली. पाणी पडद्यापलीकडून थेट रक्ताशी देवघेव करत होतं आणि काढून टाकणारं मूत्रपिंडच निकामी होतं. त्यामुळे अ‍ॅल्युमिनियम निरुपद्रवी आहे असं मी म्हणणार नाही. किती, कोणत्या वाटेने आणि कुठल्या रूपात, हे विचारावं लागतं.

याच कारणाने लशीच्या बाजूने दिला जाणारा एक लाडका दावाही मला मान्य नाही. पहिल्या सहा महिन्यांत लशींमधून सुमारे ४.४ मिलिग्रॅम अ‍ॅल्युमिनियम मिळतं आणि आईच्या दुधातून सुमारे ७, असं सांगतात. आकडे खरे आहेत. पण दुधातलं आतड्यातून एक टक्काही शोषलं जात नाही, तर लशीतलं आज ना उद्या सगळं रक्तात येतं. ही तुलना चुकीची आहे आणि ती ओळखणाऱ्या पालकाचा आपल्यावरचा विश्वास उडतो. खरा आधार आहे तो संथ विरघळण्याचा आणि निरोगी बाळाच्या मूत्रपिंडाचा. उपद्रवही सांगायला हवा. टोचलेल्या जागी गाठ येते, आणि क्वचित एखाद्या मुलाला ती महिनोन्‌महिने खाजत राहते.

‘धातू बाहेर काढून देतो’ असं सांगून डिटॉक्स विकणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. डायसोडियम ईडीटीए हे संकुल बनवणारं द्रव्य शिरेतून दिलं तर ते समोर येईल तो धातू पकडतं, आणि रक्तात सर्वांत सहज मिळतो तो कॅल्शियम. कॅल्शियम फार खाली गेलं की हृदय थांबू शकतं. २००५ मध्ये अमेरिकेत स्वमग्नता असलेलं पाच वर्षांचं मूल अशा ‘उपचारात’ दगावलं.

आपल्याकडे या क्षाराबाबत खरी काळजी घ्यावी लागते ती शीतसाखळीत, म्हणजे लस कारखान्यापासून बाळापर्यंत थंड ठेवण्याच्या व्यवस्थेत. पेंटाव्हॅलंट गोठली की बर्फाचे स्फटिक कणांना एकमेकांवर दाबतात, त्यांचे कायमचे गोळे होतात आणि लस निकामी होते. कुपीवरचा व्हीव्हीएमचा (व्हॅक्सीन व्हायल मॉनिटर) रंग बदलणारा चौकोन उष्णता लागल्याचं सांगतो, गोठल्याचं नाही. त्यासाठी शेक टेस्ट. त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवायची, संशयित कुपीबरोबर हलवायची आणि शेजारी ठेवायची. दोन्हींतला साका सारख्याच वेगाने खाली बसला तर लस टाकून द्यायची. लस गोठू नये म्हणूनच आईसपॅक फ्रीझरमधून काढल्यावर थेट व्हॅक्सीन कॅरियरमध्ये भरत नाहीत. हलवल्यावर आत पाणी डुचमळेपर्यंत बाहेर ठेवतात.