रिकामी पिकअप एवढी का उडते? मागचे शॉकअप घेण्याआधी हे वाचा

आमचा दादा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधून पहाटे पिकअप भरतो, 50 किलोच्या वीसेक गोण्या, दादरला उतरवतो आणि रिकामी गाडी घेऊन परत येतो. भरलेली असताना गाडी मस्त चालते, रिकामी झाली की पेव्हर ब्लॉकवर नुसती आपटते. गॅरेजमध्ये सांगितलं शॉकअप गेलेत, कडकवाले टाका. टाकले, आणि कंबरदुखी वाढली ना राव!

कारण शॉकअप वजन उचलतच नाही. वजन उचलतात कमानपाटे, म्हणजे मागच्या चाकांवरच्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या, आणि ते टनभर मालाच्या हिशोबाने बनवलेले असतात, मग रिकाम्या हौद्याला ते वाकणार कसे? पाट्यांवरचं वजन चौपट झालं तर गाडीचे हेलकावे साधारण निम्म्या वेगाने होतात, म्हणून भरलेली गाडी संथ डोलते आणि रिकामी भराभर थरथरते. आणि बसलेल्या माणसाच्या शरीराला नेमकी सेकंदाला 4 ते 8 वेळा होणारी उभी थरथर सगळ्यात जास्त बाधते.

शॉकअपचं काम एकच, पाट्याची उसळी जिरवायची. आत तेलात पिस्टन वर-खाली सरकतो, त्याच्या बारीक भोकांतून तेल जोर लावून जातं आणि उसळीची ताकद उष्णता होऊन निघून जाते. खराब रस्त्यावर अर्धा तास चालवून मागच्या दोन्ही शॉकअपजवळ हात नेऊन बघा (जपून, चांगलेच तापलेले असतात), एक गरम आणि एक थंड असेल तर थंडवाला मेला समजा. अंगावर तेलात भिजलेली काळी धूळ दिसली तर तेल अडवणारं सील गेलं.

आता कडकवाल्याचं बघा. पेव्हरच्या कडेवर चाक झटक्यात वर येतं, तेवढ्या वेळात तेल भोकांतून निघू शकत नाही, मग तो दणका सरळ चॅसीला आणि तिथून तुमच्या मणक्याला. म्हणून रोजची निम्मी फेरी रिकामी असेल तर माझं स्पष्ट मत, तुमच्या मॉडेलच्या मूळ मापाचा, दबताना नरम आणि उसळताना घट्ट असा शॉकअप घ्या. गॅसवाला बरा, कारण साध्या शॉकअपमध्ये खड्ड्यांत सतत हलून तेलाला फेस येतो आणि फेस भोकांतून सहज निसटतो, नायट्रोजनच्या दाबाने तो कमी होतो. एकाच नळीचा म्हणजे मोनोट्यूब लवकर थंड होतो, पण दगड लागून नळीला पोचा पडला तर पिस्टन अडकतो, त्यामुळे खडी-रेतीच्या साइटवर जाणाऱ्याने विचार करून घ्यावा.

लांबी मात्र मोजूनच घ्या, पूर्ण दाबलेली आणि पूर्ण ताणलेली दोन्ही, आणि बदलायचे तर जोडीनेच. बुशचे, म्हणजे शॉकअपच्या टोकांतल्या रबरी कड्यांचे, बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी पाहिजे, जॅकवर आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

दादाने कडकवाले काढून मूळ मापाचे गॅसवाले बसवले, रिकाम्या गाडीत टायरची हवा पण कंपनीने दिलेल्या आकड्यावर आणली. पाटे तेच आहेत त्यामुळे गाडी काही कारसारखी झाली नाही, पण परतीला फाळक्याची (हौद्याच्या मागच्या झडपेची) साखळी पूर्वीसारखी खणखण वाजत नाही.