मक्याचा ओलावा आणि इथेनॉलचा भाव

दोंडाईच्याच्या मार्केटात मक्याची ट्रॉली रिकामी व्हायच्या आतच व्यापारी मूठभर दाणे उचलतो, एखादा दाताखाली फोडून बघतो आणि मग बाकीचे मॉइश्चर मीटरमध्ये ओततो. मीटरवर 20 टक्के ओलावा आला की भाव उतरलाच. अशा क्विंटलभर मक्यात कोरडा माल 80 किलो. तोच मका 14 टक्क्यांवर वाळवला तर 93 किलो भरतो. म्हणजे हिशोबाने कट्टी, म्हणजे ओलाव्यापोटी वजनातली कपात, 7 किलोची हवी. त्याहून जास्त कापली, तर ते पाण्याचे नाहीत, शेतकऱ्याच्या घाईचे पैसे आहेत.

पूर्वी आपला मका कोंबडीखाद्याला आणि स्टार्चला जायचा. आता पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल बनवणारे कारखानेही गिऱ्हाईक झालेत. एका क्विंटलपासून साधारण 38 लिटर इथेनॉल निघतं. 2024-25 च्या हंगामात तेल कंपन्यांचा दर होता लिटरला 71 रुपये 86 पैसे. म्हणजे क्विंटलमागे 2,730 रुपयांचं इथेनॉल, शिवाय उरलेला चोथा पशुखाद्याला. हा दर सरकार ठरवतं, मक्याचा भाव मात्र मोकळा. मका क्विंटलला 100 रुपयांनी चढला की कारखान्याचा खर्च लिटरमागे 2 रुपये 63 पैशांनी वाढतो आणि तो तेल कंपनीकडून वसूल होत नाही. म्हणून कारखाना खरेदीतच हात आखडता घेतो. ही जोखीम शेवटी कोणाच्या अंगावर येते, हे सांगायला नको.

यावर उतारा म्हणजे वायदा, म्हणजे पुढच्या महिन्याचा भाव आजच बांधून ठेवणारा बाजारातला सौदा. समजा, शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीने रब्बीच्या पेरणीलाच एप्रिलचा वायदा 2,300 ने विकून ठेवला. एप्रिलला वायदा 2,000 वर आला आणि गावच्या मार्केटात मका 1,900 ने गेला. 2,300 ला विकलेला वायदा 2,000 ला परत घेतला की 300 सुटले, हातात 2,200 पडले. उलट वायदा 2,600 आणि मार्केट 2,500 झालं, तरी वायद्यातला 300 चा तोटा वजा जाता 2,200 च. तेजीचा लाभ सोडायचा आणि मंदीची झोप मिळवायची, असा हा सौदा.

पण खरी मेख पुढे आहे. आवक एकदम वाढून गावचा भाव 1,750 वर घसरला आणि वायदा 2,000 वरच थांबला, तर हातात 2,050 च राहतात. गावच्या भावातल्या आणि वायद्यातल्या या फरकाला बेसिस म्हणतात. त्याचं संरक्षण वायदा देत नाही. शिवाय भाव उलटा गेला की रोजच्या रोज मार्जिन, म्हणजे तोट्यापोटीची अनामत, भरावं लागतं. दोन एकरवाल्याने एकट्याने यात उतरू नये, असं मला ठामपणे वाटतं.

त्याच्यासाठी शेतमाल तारण योजना जास्त कामाची. वाळवलेला मका बाजार समितीच्या गोदामात ठेवला की किमतीच्या ठरावीक हिश्श्यापर्यंत कर्ज मिळतं, व्याज वर्षाला 6 टक्के. 1,000 रुपये उचलले, तर तीन महिन्यांचं व्याज होतं पंधरा रुपये.